वायरीच्या भोकाची मालकी

वास्तुविषयक ग्रंथांत दार, खिडकी, झरोका, धुराडे आणि मोरीचे तोंड अशा घराच्या सर्व उघड्या जागांची यथासांग चर्चा केलेली असते, त्यांच्या दिशा, मापे आणि शुभाशुभ फळेही सांगितलेली असतात. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत महाराष्ट्रातील बहुतेक पक्क्या घरांना जी एक उघडी जागा नव्याने प्राप्त झाली, तिच्याविषयी हे ग्रंथ मौन बाळगतात. ही जागा म्हणजे बाहेरची वायर घरात आणण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक. त्याला शास्त्रीय नाव नाही, नकाशात स्थान नाही, आणि घर विकताना खरेदीखतात चतुःसीमा नोंदवल्या जातात तेव्हा त्या सीमा किती ठिकाणी आरपार झाल्या आहेत हे कोणी विचारत नाही. भिंतीला कान असतात असे मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला, आणि कान सोनारानेच टोचावेत असेही तोच म्हणत आला. प्रत्यक्षात भिंतीचे कान केबलवाल्याने टोचले, आणि टोचल्यानंतर त्यांत डूल घालून तो जो निघून गेला तो कान पिकला की काय हे पाहायला परत आला नाही.

मराठीत उघड्या जागांसाठी शब्दांची वाण नाही आणि त्यांतील भेद सूक्ष्म आहेत. छिद्र हे नाजूक व बहुधा पुस्तकातले असते. भेग आपोआप पडते आणि तिला ऊन, माती किंवा बिल्डर यांखेरीज कर्ता नसतो. खिंडार पाडायला तोफ, निदान शत्रू तरी लागतो. फट ही दोन वस्तू एकमेकींना पुरत्या न भिडल्यामुळे उरते. भोक मात्र कोणीतरी, कशासाठी तरी, मुद्दाम पाडलेले असते. प्रस्तुत विषयाची सारी गुंतागुंत या शेवटच्या दोन शब्दांत आहे. कारागीर भोक पाडतो. त्यातून वायर ओवली गेली की भोकाचे काम संपते, आणि वायरीभोवती जी गोल पोकळी शिल्लक राहते ती फट होते. भोकाला कर्ता असतो, फटीला नसतो. आणि पाणी, मुंगी, झुरळ व पाल ही सारी मंडळी फटीतून येत असल्यामुळे तक्रार कोणाकडे न्यावी हा प्रश्न व्याकरणाच्याच पायरीवर अडकून बसतो.

ही फट केवढी असते याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. टीव्हीची जी गोल, काळी वायर असते, जिच्या मध्यभागी तार, तिच्याभोवती पांढरा फेसासारखा थर, त्यावर धातूची बारीक जाळी आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे वेष्टण अशी रचना असते, तिची जाडी सुमारे ७ मिलिमीटर भरते. परंतु भोकाचे माप वायरीवरून ठरत नाही. ते वायरीच्या टोकाला आधीच बसवलेल्या पिनेवरून ठरते, कारण इंटरनेटच्या वायरीचे चौकोनी टोकच जवळजवळ १२ मिलिमीटर रुंद असते. आणि त्याहीपेक्षा ते कारागिराच्या पिशवीत त्या दिवशी जे बिट, म्हणजे ड्रिल यंत्राला लावायचा जो पिळाचा दांडा, सापडेल त्यावरून ठरते. समजा तो १६ मिलिमीटरचा निघाला, तर भोकाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिलिमीटर होते आणि वायरीचे सुमारे ३८; म्हणजे पाच हिश्श्यांपैकी जेमतेम एका हिश्श्यात वायर नांदते आणि चार हिस्से रिकामे राहतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात या प्रमाणात मोकळी जागा निघाली असती, तर तिच्यावरून पार्किंगचा वाद पेटून प्रकरण उपनिबंधकांपर्यंत गेले असते.

इतिहास पाहता भिंतीतून वायर आत घेण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज १८८२ सालीच सुरू झाले. पुढे घरोघर वीज आली तेव्हा वायर भिंतीतून जाते त्या जागी चिनी मातीची नळी बसवण्याची पद्धत होती. लाकडी पट्टीवरून सरळ रेषेत चालत आलेली ती वायर नळीतून अदबीने आत शिरे, आणि बसवणाऱ्याला घाई नसे, कारण वायर कायमची आहे याविषयी दोन्ही पक्षांत एकमत होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि गच्च्यांवर काड्यांचे अँटेने उगवले, तेव्हाही भिंत बचावली. कारण अँटेन्यापासून निघणारी दोन तारांची चपटी वायर खिडकीच्या वरच्या झडपेतून आत घेतली जाई. ती झडप त्यानंतर पुन्हा मिटली नाही, हा भाग वेगळा.

भिंतीच्या खऱ्या पडझडीला १९९१ नंतर आरंभ होतो. आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट दिसू लागली, १९९२ मध्ये झी टीव्ही आला, आणि गल्लीतील एका उत्साही तरुणाने गच्चीवरून गच्चीवर, तिथून गुलमोहरावर आणि गुलमोहरावरून स्वयंपाकघराच्या खिडकीवर वायरींचे जे जाळे विणले, त्याचे नियमन करणारा केंद्र सरकारचा कायदा १९९५ मध्ये येईपर्यंत भोके पाडून झालेली होती. २००३ पासून घरोघर थाळीच्या आकाराची वैयक्तिक डिश बसू लागली. तिला बोलीभाषेत छत्री म्हणतात. पावसाला अडवण्याऐवजी वायरीवरून त्याला थेट दिवाणखान्यात आणून सोडणारी ही बहुधा एकमेव छत्री असावी. २०१२ च्या अखेरीस मुंबईत केबलचे जुने प्रक्षेपण बंद होऊन सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि त्यानंतर केसाएवढ्या काचतंतूतून प्रकाशाच्या वेगाने माहिती वाहून आणणारी फायबरची वायर आली. या प्रत्येक युगाने नवे भोक पाडले आणि कोणत्याही युगाने मागच्या युगाची वायर काढली नाही. इनामगावच्या उत्खननात थरांवरून जशी वस्त्यांची परंपरा लावता आली, तशी एखाद्या दादर-ठाण्याच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून मराठी मध्यमवर्गाच्या करमणुकीची परंपरा लावता येईल. फरक इतकाच की इनामगावला खाली खणावे लागले आणि येथे वर मान करून पाहिले की पुरते.

भोक पाडण्याचा विधी दहा मिनिटांचा असतो, आणि त्यात यजमानाकडे स्टूल देणे व जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरणे एवढीच दोन कामे असतात, पैकी दुसरे तो उशिरा करतो. बाहेरची भिंत सामान्यतः नऊ इंचांची असल्यामुळे कारागीर फूटभर लांबीचे बिट लावतो आणि आतून बाहेर ड्रिल मारतो, कारण चौथ्या मजल्यावर बाहेरून आत मारायचे झाल्यास उभे राहायला हवेखेरीज काही उपलब्ध नसते. ठोके देत फिरणारे बिट विटेतून जाताना गप्प असते. पण बाहेरच्या गिलाव्याला, म्हणजे प्लॅस्टरच्या थराला, पाठीमागून आधार नसल्यामुळे बिट बाहेर पडते तेथे त्याचा बशीएवढा तुकडा निखळतो. परिणामी त्याच भोकाला आतून पाहिले असता ते रुपयाच्या नाण्याहून लहान व सुबक दिसते आणि बाहेरून पाहिले असता तोफेचा गोळा बसल्यासारखे दिसते. आतली बाजू घरमालकाला दिसते. बाहेरची बाजू फक्त कबुतरांना आणि समोरच्या विंगमधील रहिवाशांना दिसते; ते रोज सकाळी दात घासताना ती पाहतात आणि आपल्याही भिंतीची बाहेरची बाजू अशीच असेल अशी शंका त्यांच्या मनाला शिवत नाही.

या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते, जिचे परिणाम पुढे जूनमध्ये कळतात. कारागीर स्टुलावर उभा असतो, ड्रिल जड असते आणि हात खांद्याच्या वर गेलेले असतात. अशा स्थितीत जोर लावताना बिटाचे टोक किंचित वर उचलले जाते, आणि भोकाचे बाहेरचे तोंड उंचावर व आतले तोंड खाली असा उतार तयार होतो. पाण्याला गणित येत नसले तरी उतार कळतो. मोरीचा उतार हवा त्या दिशेला देण्यासाठी अनुभवी गवंड्यालाही तीनदा फरशी उचलावी लागते, आणि येथे मात्र दहा मिनिटांत, पातळी न लावता, पहिल्याच प्रयत्नात घराच्या दिशेने निर्दोष उतार साधतो, हे बांधकामशास्त्रातील एक नवल म्हटले पाहिजे.

वायर ओढून झाली, टीव्हीवर चित्र आले, सहीसाठी मोबाइल पुढे केला गेला, की यजमान भोकाकडे बोट दाखवतो आणि कारागीर जाता जाता म्हणतो, "काका, तिथं जरा व्हाइट सिमेंट लावून घ्या." या वाक्यातील क्रियापद अभ्यासण्याजोगे आहे. 'लावणे' या क्रियेला सरळ कर्ता लागतो; 'लावून घेणे' या संयुक्त क्रियापदात मात्र काम कोणीतरी करते आणि फळ ऐकणाऱ्याला मिळते, पण तो कोणीतरी कोण हे सांगण्याची सक्ती भाषा करत नाही. यजमानाचा समज होतो की कारागिराने एक तांत्रिक सल्ला दिला. वास्तविक त्या क्षणी नऊ इंच लांबीच्या एका स्थावर मिळकतीचे विनामूल्य हस्तांतरण झालेले असते, आणि ते मुद्रांकशुल्काशिवाय झाल्यामुळे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

पाऊस सुरू झाला की या मिळकतीचे उत्पन्न येऊ लागते. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्यात ७०० मिलिमीटरच्या आसपास. परंतु भोकाच्या दृष्टीने एकूण आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. सरळ खाली पडणारा पाऊस भिंतीला फारसा शिवत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याने आडवा होऊन जो तासन्‌तास भिंतीवर आपटत राहतो, ज्याला कोकणात झड म्हणतात, तो खरा. वारा भिंतीवर आदळला की बाहेरच्या बाजूला हवेचा दाब वाढतो, आत तो कमी असतो, आणि या फरकामुळे भोकाच्या तोंडाशी आलेले पाणी आत ढकलले जाते. त्यात वायर स्वतः पन्हळीचे, म्हणजे पागोळ्यांचे पाणी वाहून नेणाऱ्या लांब नळीचे, काम करते: गच्चीपासून चार मजले भिंतीवरून लोंबत आलेल्या वायरीवर पडलेला प्रत्येक थेंब तिच्या पाठीवरून घसरत थेट भोकात येतो, जणू त्याला टीव्हीवर काहीतरी पाहायचे आहे.

काही वेळा पाणी वायरीच्या वरून न येता तिच्या पोटातून येते, आणि हा प्रकार अधिक गंमतीचा आहे. उन्हाने बाहेरच्या वेष्टणाला चीर गेली किंवा गच्चीवरची पिन सैल राहिली, की आतील धातूच्या जाळीत केशाकर्षणाने, म्हणजे बारीक पोकळीतून द्रव आपोआप खेचला जाण्याच्या ज्या गुणामुळे दिव्याची वात तेल वर ओढते त्या गुणाने, पाणी शिरते आणि मजले उतरत सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या पिनेपाशी थेंबाथेंबाने प्रकट होते. घरातील ज्येष्ठ मंडळी बॉक्सवर दोन थापा मारतात, रिमोटचे सेल बदलतात; बॉक्सला ताप नसून सर्दी झाली आहे, हे निदान शेवटी होते.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो कोणी करत नाही यात नवल वाटू नये. वायर भोकात शिरण्याआधी तिला भोकाच्या पातळीच्या वीतभर खाली उतरू द्यावे आणि मग झोपाळ्याच्या दोरीसारखा झोक देऊन वर आत न्यावे. पाणी वायरीवरून झोकाच्या तळापर्यंत येते, तेथून वर चढणे त्याला जमत नाही, आणि ते खाली गळून जाते. कारागीर याला लूप सोडणे म्हणतात. याला लागणारा खर्च वीतभर वायर एवढा आहे. याहून विस्ताराने हा विचार भारतीय मानक ब्यूरोने केलेला आहे: इमारतींतील विजेच्या जोडणीसंबंधीच्या त्यांच्या ७३२ क्रमांकाच्या संहितेत, भिंतीतून बाहेर उघड्या हवेत निघणाऱ्या नळीचे तोंड घंटेसारखे पसरट असावे, ते खाली वळवलेले असावे आणि त्याला आतून नीट कडे बसवलेले असावे, असे सांगून ठेवले आहे. एका भोकासाठी घंटेची उपमा योजणाऱ्या त्या अज्ञात संहिताकाराच्या अंगी कवित्व होते. ही संहिता विजेच्या वायरींसाठी आहे; टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरींनी ती वाचल्याचे त्यांच्या वर्तनावरून दिसत नाही.

भिंतीवर ओलीचा नकाशा उमटू लागला की प्रकरण गृहनिर्माण संस्थेच्या समितीपुढे जाते, आणि येथे मालकीचा प्रश्न खऱ्या रंगात येतो. संस्थेच्या आदर्श उपविधींची, म्हणजे सहकार खात्याने घालून दिलेल्या नमुना नियमांची, एकूण व्यवस्था अशी की इमारतीच्या बाहेरच्या अंगाची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावी व सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने. यात भिंत ही रेषा मानलेली आहे. भिंतीला जाडी असते ही अडचण मानलेली नाही. सभासदाचे म्हणणे असे की पाणी बाहेरून येते, तेव्हा ते संस्थेचे. सचिवांचे म्हणणे असे की पाणी संस्थेचे असेलही, पण ज्या वाटेने ते आले ती वाट सभासदाने विनापरवानगी काढलेली आहे. खालच्या मजल्यावरील सभासद मध्येच उठून सांगतो की पाणी आता त्याच्याकडे उतरले आहे, तेव्हा चर्चा लवकर आटोपावी. आत सभासद, बाहेर संस्था आणि मध्ये नऊ इंचांचा निर्नायकी प्रदेश अशी ही स्थिती असते, आणि जे भोक पाडण्याच्या दहा मिनिटांत एकाही नियमाला सुचले नाही ते बुजवण्यासाठी निदान दोन मासिक सभा लागतात. ठराव होईपर्यंत दसरा येतो आणि भिंत वाळते. वाळलेल्या भिंतीचा प्रश्न कोणीही सभेपुढे आणत नाही.

कोकणातील कौलारू घरांना हा वाद ठाऊक नाही. तेथे भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये वळचणीला मुळातच मोकळी जागा असते. तिच्यातून धूर बाहेर जातो, वारा आत येतो, आणि वायर आली तेव्हा तीही तेथूनच आली. ज्या घराला पहिल्यापासून सर्वांगाने फट आहे त्याला एका जादा फटीचे सुतक नसते. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या तयारीला, जिला आगोट म्हणतात, तेथे रीतसर स्थान होते: लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवावी तसे पश्चिमेच्या पडवीला झाप लावून झडीचा बंदोबस्त केला जाई, आणि हे सारे मृगाच्या आधी. शहरी घरमालक मात्र भोकाची आठवण पहिल्या झडीलाच काढतो, आणि तेव्हा भिंत इतकी ओली असते की तिच्यावर जगातील कोणताही चिकट पदार्थ चिकटत नाही.

पाण्याखेरीज जे अभ्यागत येतात त्यांच्यात मुंग्यांचा क्रमांक पहिला. वायर त्यांच्या दृष्टीने पक्की सडक आहे आणि साखरेचा डबा हे शेवटचे स्थानक. झुरळे रात्री येतात, पाली झुरळांच्या पाठोपाठ येतात, म्हणजे एका अर्थाने हीसुद्धा केबलवरचीच मालिका. लहान उंदराला, त्याची कवटी जाईल एवढी म्हणजे सहा-सात मिलिमीटरची वाट पुरते. हे माप ऐकल्यावर वरील हिशेबातील चार रिकाम्या हिश्श्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. या सर्वांत मानाने उल्लेख करावा अशी एकच आहे, ती कुंभारीण. ओल्या चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून आणून घर बांधणारी ही गांधीलमाशीच्या कुळातील कीटक-स्त्री मोकळे भोक दिसले की त्यात आपल्या अळीसाठी शिकार साठवते आणि तोंड लिंपून घेते, तेही इतके काटेकोरपणे की त्यावर बोट फिरवणाऱ्या गवंड्याने मान खाली घालावी. वायरीचे भोक स्वखर्चाने, स्वतःच्या साहित्याने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून बुजवणारी तीच एक. आणि तिला घरातली माणसे झाडूने हाकलतात.

माणसाने चालवलेल्या बुजवणीचा इतिहास बोळ्यापासून सुरू होतो. बोळा जुन्या गंजीफ्रॉकचा, वर्तमानपत्राचा किंवा प्लास्टिकच्या पिशवीचा असतो, तो तात्पुरता म्हणून घातला जातो आणि टेलिव्हिजन संच बदलला तरी राहतो. कापडी बोळा पाणी अडवत नाही, साठवतो; पाऊस थांबल्यानंतरही दोन दिवस भिंतीला ओलावा पुरवत राहण्याची त्याची क्षमता मोठी आहे. त्यानंतर कारागिराने नेमून दिलेले व्हाइट सिमेंट येते. वाटीभर कालवून, चमच्याने थापून, ओल्या बोटाने गुळगुळीत केले की ते पहिल्या दिवशी अतिशय सुंदर दिसते. परंतु सिमेंट सुकताना आकसते आणि सुकल्यावर ताठ होते, तर वायर वाऱ्याने हलते, उन्हाने लांबते व थंडीत आखडते. ताठ आणि हलणारा यांचा संसार जसा चालावा तसाच चालतो, आणि महिन्याभरात वायरीभोवती नखाएवढी गोल भेग दिसू लागते. फट बुजवून भेग मिळवणे ही या पद्धतीची फलश्रुती होय. एम-सील हा दोन पुड्यांतील लगदे कणकेसारखे एकत्र मळून लावायचा पदार्थ तर दगडासारखा घट्ट होतो, त्यामुळे पुढे वायर बदलायची वेळ आली की वायर, लगदा आणि भिंतीचा काही भाग असे तिन्ही एकत्रच निघतात.

अलीकडे नळीतून पिचकारीने सोडायचा सिलिकॉन सर्वांना ठाऊक झाला आहे. त्याच्या स्वस्त प्रकारातून सुकताना ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल बाहेर पडते, त्यामुळे दोन दिवस दिवाणखान्यात चिनी पदार्थांच्या गाडीचा वास दरवळतो. सिलिकॉन लवचीक असतो, वायरीबरोबर हलतो, उन्हाला दाद देत नाही. म्हणजे सिमेंटचे सर्व दोष त्याच्यात नाहीत. त्याचा दोष वेगळा आहे. बाहेरच्या वायरीचे वेष्टण बहुधा पॉलिथिनचे असते, आणि दुधाच्या पिशवीवर जसा गोंद धरत नाही तसा पॉलिथिनवर सिलिकॉन मनापासून धरत नाही. तो भिंतीला मिठी मारतो आणि वायरीला केवळ ओळख दाखवतो. शिवाय त्याच्यावर रंग बसत नाही. फुगणाऱ्या फोमची तऱ्हा आणखी निराळी: डब्याचे तोंड दाबले की तो वाटाण्याएवढा निघतो आणि पाहता पाहता टम्म पुरीएवढा होतो, भोक भरून बाहेर येतो, भिंतीवर ओघळतो, आणि उरलेला भाग कापायला सुरी आणेपर्यंत तिचीही मूठ चिकटते. भोक मात्र भरते. उन्हातील अतिनील किरणांनी तो पिवळा पडून भुगा होऊ लागतो, पण तोवर सारे विसरलेले असतात.

या सर्वांपेक्षा सरस असा एक पदार्थ एसी बसवणाऱ्या मेस्त्रींकडे असतो. एसीची नळी घ्यायला अडीच इंचांच्या आसपास व्यासाचे भोक लागते. टीव्हीच्या वायरीने चंचुप्रवेश करावा आणि मागून एसीने मुसळप्रवेश करावा असा हा क्रम आहे. त्या भोकात मेस्त्री कधीच न सुकणारी, पुरणासारखी मऊ पुट्टी दाबतो. ती वायरीबरोबर हलते, हाताने काढता येते, पुन्हा लावता येते, आणि तिला कोणाला चिकटण्याची हौसही नसते. ती नुसती जागा अडवून बसते, आणि फटीच्या बाबतीत एवढेच काम असते. शहाणी पद्धत अशी: भोक बाहेरच्या बाजूला उतरते घ्यावे, त्यात प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसवावा, नळी आणि भिंत यांमधील फट सिलिकॉनने भरावी कारण तेथे हलणारे काही नाही, नळी आणि वायर यांमधील फट पुट्टीने भरावी कारण तेथे हलणारे आहे, उंदराची भीती असल्यास आत स्टीलच्या तारेची भांडी घासायची घासणी कोंबावी, आणि बाहेर वायरीला झोक द्यावा. बाहेरचे तोंड आधी बुजवावे. आतले तेवढे बुजवले तर पाणी आत येत नाही हे खरे, पण ते भिंतीत मुक्काम करते आणि मग भोकापासून हातभर दूर, भलत्याच ठिकाणी, प्लॅस्टरला फुगा आणते.

बाहेरचे तोंड आधी बुजवावे हे शास्त्र झाले. चौथ्या मजल्यावर ते कोणी बुजवावे हा व्यवहार झाला. इमारतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत मनुष्यप्राणी पोहोचतो तो एकदाच, सहा-सात वर्षांनी इमारतीला रंग काढतात तेव्हा, दोराला बांधलेल्या फळीवर बसून. हा रंगारी भोकाच्या समोर, हातभर अंतरावर, हातात थापी असताना येऊन पोहोचतो. परंतु कंत्राट रंगाचे असते. म्हणून तो भिंत रंगवतो, भिंतीवरून गेलेल्या चालू वायरी रंगवतो, बंद वायरी रंगवतो, कुंभारणीचे घर रंगवतो, आणि बशीएवढा उडालेला गिलावा आतल्या विटेसकट मनोभावे रंगवून खालच्या मजल्यावर उतरतो. पुढील सहा वर्षे ते भोक इमारतीच्या इतर भागांशी अगदी मिळतेजुळते दिसते.

एवढे असूनही क्वचित एखादा घरमालक असा निघतो की जो एप्रिलमध्ये, भिंत कोरडी असताना, पुट्टी, नळी, सिलिकॉन आणि एक धीट इलेक्ट्रिशियन यांची जुळवाजुळव करून सारे काम रीतसर करून घेतो. बाहेरून घंटेसारखे तोंड, खाली वळवलेले. आतून गुळगुळीत गोल, वर भिंतीच्या रंगाचा हात. असे भोक पाहिल्यावर इतर सभासद दोन मिनिटे थांबतात. मे महिन्यात घरातील मुले इंटरनेटचा वेग अपुरा असल्याची तक्रार करतात आणि नव्या जोडणीसाठी फायबरवाला येतो. त्याला ते भोक दाखवले जाते, पुट्टी हाताने निघते हेही समजावून सांगितले जाते. तो वाकून पाहतो, बोटाने दाबून पाहतो, आणि कारागिराने कारागिराचे करावे तसे मोकळ्या मनाने कौतुक करतो. एवढे नीट केलेले काम उगाच कशाला उचकटायचे, असे म्हणून तो चार बोटे डावीकडे खूण करतो आणि स्टूल मागतो.